कामाचे छायाचित्र खरे कसे उतरेल ?

गावात पाझर तलाव झाला, शाळेची नवी खोली उभी राहिली किंवा गारपिटीने द्राक्षबाग झोडपली गेली, तर त्याची हकीकत पूर्वी केवळ कागदावर उतरत असे. मोजमाप पुस्तक, हजेरीपत्रक, पंचनामा आणि तपासणी अहवाल हीच नोंदीची साधने होती. आता त्यांच्या जोडीला छायाचित्र येऊन बसले आहे. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेत नोव्हेंबर २०१७ पासून काम सुरू होण्यापूर्वी, काम चालू असताना आणि काम पूर्ण झाल्यावर, अशा तीन टप्प्यांवर स्थळनिर्देशासह छायाचित्रे घेण्याची पद्धत सुरू झाली. १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्व कामांवर मजुरांची हजेरीही छायाचित्रासह नोंदविणे बंधनकारक करण्यात आले. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच आपल्या पिकाचे छायाचित्र काढून सात-बाराच्या नोंदीसाठी पाठवू लागला.

या बदलाचा अर्थ असा की, ग्रामपंचायतीचा सदस्य, ग्रामसेवक, शिक्षक आणि शेतकरी या सर्वांना छायाचित्रकाराचे काम करावे लागत आहे. हे काम किरकोळ नव्हे. हजेरीच्या छायाचित्रात मजुराचा चेहरा काळा पडला, तर त्या दिवसाच्या मजुरीबद्दल प्रश्न उभा राहू शकतो. रोगट पानाचे छायाचित्र अस्पष्ट आले, तर तालुक्याला बसलेल्या अधिकाऱ्यास सल्ला देता येत नाही. बांधाची भेग छायाचित्रात दिसलीच नाही, तर दुरुस्तीचा प्रस्ताव लंगडा पडतो. मोबाइल संच चांगला असूनही असे का होते, आणि ते टाळण्यासाठी नवशिक्याने कोणत्या गोष्टी शिकून घ्याव्यात, याचा विचार या लेखात केला आहे.

जुनी परंपरा, जुन्याच अडचणी

छायाचित्राला नोंदीचा मान देण्याची प्रथा आपल्याकडे बरीच जुनी आहे. १८३९ मध्ये पॅरिस येथे दागेर याची प्रकाशचित्रणाची रीत जाहीर करण्यात आली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांची गणना आपल्याकडील पहिल्या भारतीय छायाचित्रकारांत होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रती तयार करण्यासाठी १८४४ मध्ये नेमण्यात आलेल्या रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने पुढे तेथे कॅमेराही वापरला आणि त्याने काढलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

त्या काळच्या छायाचित्रकाराच्या अडचणी पाहण्यासारख्या आहेत. लेण्यात उजेड अपुरा असे, त्यामुळे काचेची पट्टी बराच वेळ प्रकाशात ठेवावी लागे. खांब जवळ आणि मूर्ती दूर असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी रेखीव उतरविणे कठीण जाई. शिवाय त्या काचेवरील रसायन मुख्यतः निळ्या प्रकाशाला दाद देणारे असल्याने निळे आकाश पांढरे, आणि तांबडे किंवा पिवळे रंग गडद उमटत. उजेड, रेखीवपणा आणि रंग या त्या तीन अडचणी होत. आज साधने बदलली असली, तरी नवशिक्यासमोरचे प्रश्न हेच तीन आहेत. त्यांनाच आपण एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स या नावांनी ओळखतो.

डोळा आणि यंत्र

भर दुपारी स्वच्छ उन्हात जमिनीवर सुमारे १ लाख लक्स इतका प्रकाश असतो. घरात दिव्याखाली तो १०० ते ३०० लक्स भरतो. म्हणजे अंगणातून माजघरात येताना प्रकाश शेकडो पटींनी कमी होतो, तरी थोड्याच वेळात आपल्याला सर्व काही नीट दिसू लागते. डोळ्याची बाहुली मोठी होते, दृष्टिपटल जुळवून घेते आणि मेंदू उरलेली भर घालतो. जवळच्या वस्तूवरून दूरच्या वस्तूवर नजर टाकली की डोळ्यातील भिंग आपोआप जुळते. दिव्याच्या पिवळ्या उजेडातही कागद आपल्याला पांढराच वाटतो. हे सर्व नकळत होत असल्यामुळे त्यात काही काम झाले आहे, हेच आपल्या ध्यानात येत नाही.

कॅमेऱ्यापाशी हा मेंदू नसतो. त्याच्यापाशी काही ठराविक अंदाज असतात. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम उजळ असेल, महत्त्वाची वस्तू मध्यभागी किंवा सर्वांत जवळ असेल आणि दृश्यातील सर्व रंगांची बेरीज करड्याच्या आसपास येईल, असे यंत्र गृहीत धरते. अलीकडील मोबाइल संच चेहरे आणि प्रसंग ओळखून हे अंदाज पुष्कळच सुधारतात. तरीसुद्धा आपल्याला काय नोंदवायचे आहे हे त्यांना माहीत नसते. अंदाज चुकेल अशी परिस्थिती ओळखणे आणि तेथे स्वतः निर्णय घेणे, हाच छायाचित्रण शिकण्याचा गाभा होय.

उजेडाचे माप : एक्स्पोजर

पाटाचे पाणी शेताला देताना दार किती उघडावे आणि किती वेळ उघडे ठेवावे, या दोन गोष्टी शेतकरी पाहतो. दार रुंद उघडून थोडा वेळ पाणी दिले, किंवा अरुंद उघडून अधिक वेळ दिले, तरी एकूण पाणी सारखेच भरते. कॅमेऱ्यातही असेच आहे. भिंगातील छिद्र, म्हणजे ॲपर्चर, हे दाराच्या रुंदीसारखे. आणि शटर, म्हणजे झडप उघडी राहण्याचा काळ, हा पाणी देण्याच्या वेळेसारखा. तिसरी गोष्ट म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पटलाची संवेदनक्षमता. ती आयएसओ या अंकाने दाखवितात. १०० पेक्षा २०० हा अंक दुप्पट संवेदनक्षमता दर्शवितो, म्हणजे निम्म्या प्रकाशात काम भागते.

छिद्राचे माप एफ-क्रमांकात दिलेले असते : २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. एफ ८ म्हणजे छिद्राचा व्यास भिंगाच्या नाभीय अंतराच्या आठव्या हिश्शाएवढा. साहजिकच क्रमांक वाढला की छिद्र लहान होते, आणि वरील क्रमातील प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. शटरचे अंक सेकंदाच्या भागात असतात : १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, १/५००. तेथेही प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा. स्वच्छ उन्हासाठी छायाचित्रकारांचा एक जुना नियम आहे. छिद्र एफ १६ ठेवावे आणि आयएसओ १०० असेल, तर शटर १/१२५ ठेवावे. छिद्र दोन पायऱ्या मोठे करून एफ ८ केले, तर शटर दोन पायऱ्या जलद करून १/५०० ठेवावे लागते. दोन्ही वेळा उजेडाचे माप तेच राहते.

माप तेच राहिले, तरी परिणाम मात्र एक नसतो. रुंद दारातून आलेल्या पाण्याने माती वाहून जावी आणि संथ पाण्याने ती जागीच राहावी, तसा हा फरक असतो. छिद्र मोठे केले, तर थोड्याच अंतरातील वस्तू रेखीव उतरतात. लहान केले, तर जवळपासून दूरपर्यंतच्या उतरतात. शटर जलद असले, तर धावणारे मूल गोठल्यासारखे स्पष्ट दिसते. मंद असले, तर त्याची नुसती रेघ उमटते. आयएसओ फार वाढविला, तर चित्रात वाळूसारखे कण दिसू लागतात. बहुतेक मोबाइल संचांत छिद्र कायम एकाच मापाचे असते. त्यामुळे तेथे शटर आणि आयएसओ यांचाच खेळ चालतो. उजेड कमी झाला की चित्र हलल्यासारखे किंवा कणीदार का येते, याचे उत्तर यात आहे.

आता यंत्राचा अंदाज कोठे चुकतो ते पाहू. प्रकाशमापक हा समोरची वस्तू सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारी, म्हणजे मध्यम करडी आहे, असे धरून चालतो. नुकताच चुना दिलेल्या शाळेच्या भिंतीने सारी चौकट व्यापली, तर यंत्र प्रकाश कमी करते आणि भिंत मळकट करडी दिसते. काळ्या जमिनीत खणलेल्या शेततळ्याकडे कॅमेरा रोखला, तर यंत्र प्रकाश वाढविते आणि काळी माती राखेसारखी फिकी उमटते. मातीचा ओलावा ओळखण्याची खूण त्यात बुडून जाते. म्हणून नियम असा की, पांढऱ्याला अधिक प्रकाश द्यावा आणि काळ्याला कमी. कॅमेऱ्यावर यासाठी अधिक-उणे चिन्हांची सोय असते. अनेक मोबाइल संचांत पडद्यावर बोट टेकवले की सूर्याचे लहान चिन्ह येते आणि ते वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. पांढऱ्या भिंतीला एक पायरी अधिक, काळ्या मातीला एक पायरी उणे, येथून सुरुवात करावी.

हजेरीच्या छायाचित्रात ही अडचण सर्वांत बोचते. अंगावर पांढरे सदरे, पायाखाली उजळ मुरूम, डोक्यावर दुपारचे ऊन आणि चेहऱ्यावर पदराची किंवा टोपीची गडद सावली, अशी तेथे स्थिती असते. यंत्र सदऱ्यांना आणि मुरमाला सांभाळते आणि चेहरे काळे पडतात. अशा वेळी चौकटीत सर्वांत महत्त्वाचे काय, हे माणसाने ठरवावयाचे असते. येथे चेहरे महत्त्वाचे आहेत. म्हणून सर्वांना एकाच झाडाच्या दाट सावलीत उभे करावे. निम्मे उन्हात आणि निम्मे सावलीत ठेवू नयेत. पडद्यावर चेहऱ्यापाशी बोट टेकवावे. मागचे आकाश पांढरे पडले तरी चालेल. सावली नसेल, तर ऊन समोरून थोडे तिरपे येईल अशा बेताने सर्वांना वळवावे. सूर्य त्यांच्या पाठीशी असेल, तर चेहऱ्यांची ओळख पटणे अवघड होते.

सिमेंट नाला बांधाचे छायाचित्र काढताना निर्णय याच्या उलट करावा लागतो. उजळ सिमेंटवर प्रकाश जास्त झाला, तर पृष्ठभाग सपाट पांढरा दिसतो आणि भेगा, खडबडीतपणा, सुटलेले गिलावे हे सारे नाहीसे होते. तेथे एखादी पायरी उणे ठेवलेली बरी. शिवाय उजेडाचे माप जितके महत्त्वाचे, तितकीच उजेडाची दिशाही. सकाळी किंवा दुपार कलल्यावर भिंतीवर तिरपे ऊन पडते, तेव्हा प्रत्येक भेगेला स्वतःची सावली मिळते आणि ती उठून दिसते. तेच ऊन भिंतीवर अगदी समोरून पडले, तर तीच भेग डोळ्यांसमोर असूनही चित्रात उतरत नाही. खड्ड्याची किंवा चराची खोली दाखवतानाही हेच लक्षात ठेवावे, आणि शेजारी मोजपट्टी उभी करावी.

रेखीवपणा : फोकस

भिंग हे एका विशिष्ट अंतरावरील वस्तूपासून निघालेले किरण पटलावर अचूक एकत्र आणते. त्या अंतराच्या पुढची आणि मागची वस्तू काही मर्यादेपर्यंत आपल्याला स्पष्टच वाटते. या पट्ट्याला रेखीवपणाची खोली म्हणतात. छिद्र लहान असेल, वस्तू दूर असेल किंवा भिंग रुंद दृश्य दाखविणारे असेल, तर ही खोली वाढते. पानावरील किडीचे चित्र काढताना आपण फार जवळ जातो, तेव्हा ती काही मिलिमीटरच उरते. पानाचे टोक स्पष्ट आणि देठ धूसर, असे होते ते यामुळेच. म्हणून पान शक्य तो कॅमेऱ्याला समांतर धरावे.

प्रत्येक भिंगाला जवळ जाण्याचीही एक सीमा असते. तिच्या आत गेल्यास फोकस जुळतच नाही. अशा वेळी थोडे मागे सरकून छायाचित्र घ्यावे आणि नंतर हवा तेवढा भाग कापून घ्यावा. अधिक जवळ जाण्याचा हट्ट धरल्याने तपशील वाढत नाही, कमीच होतो.

आपोआप फोकस जुळविणारी यंत्रणा बहुधा उजेड-अंधाराच्या सीमारेषा शोधते. साध्या रंगाच्या भिंतीवर किंवा अंधूक खोलीत तिला पकडायला काहीच मिळत नाही. तारेच्या कुंपणातून रोपवाटिका टिपू गेल्यास ती तारेवर अडते आणि खिडकीतून वर्ग टिपू गेल्यास गजांवर. यावर उपाय सोपा आहे. पडद्यावर हव्या त्या वस्तूवर बोट टेकवावे आणि यंत्र स्थिरावले की मगच कळ दाबावी. भिंगाच्या कॅमेऱ्यात कळ अर्धी दाबून फोकस पक्का करावा आणि मग पूर्ण दाबावी.

छायाचित्र अस्पष्ट आले की सरसकट फोकसला दोष दिला जातो. वास्तविक त्याची चार वेगवेगळी कारणे असू शकतात आणि चित्र निरखून पाहिले, तर ती ओळखता येतात. मजूर धूसर पण त्यांच्यामागचा बांध रेखीव असेल, तर फोकस चुकीच्या जागी बसला आहे. सारे चित्र एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल, तर हात हलला आहे. झाडे स्पष्ट आणि चालणारा माणूस तेवढा फरफटलेला असेल, तर शटर त्या हालचालीला पुरेसे जलद नव्हते. आणि सर्व चित्रावर धुके पसरल्यासारखे वाटत असेल, तर भिंगावर बोटाचा तेलकट ठसा किंवा धूळ आहे. पहिल्या दोषाला बोट योग्य जागी टेकवणे हा उपाय. दुसऱ्याला दोन्ही कोपर अंगाशी धरून किंवा खांबाला टेकून उभे राहणे हा उपाय. तिसऱ्याला अधिक उजेड किंवा अधिक जलद शटर लागते. चालणाऱ्या माणसासाठी १/२५० आणि धावणाऱ्या मुलांसाठी १/५०० हे अंक उपयोगी पडतात. चौथ्याला मऊ, धुतलेल्या सुती कापडाचा एक तुकडा खिशात असला की पुरे. कामावरच्या धुळीत हा चौथा दोष फार वेळा आढळतो.

ग्रामसभेच्या सभागृहात फ्लॅश वापरण्याचा मोह होतो. कॅमेऱ्यातील लहान फ्लॅश साधारण तीन-चार मीटरपर्यंतच पोहोचतो, आणि मोबाइलवरील दिवा त्याहूनही कमी अंतर उजळतो. पुढच्या रांगेतील माणसे पांढरी पडतात आणि मागची सभा अंधारात राहते. त्यापेक्षा खिडक्या उघडाव्यात, सर्व दिवे लावावेत आणि कॅमेरा टेबलावर स्थिर ठेवून छायाचित्र घ्यावे.

पांढऱ्याचा तोल : व्हाइट बॅलन्स

लोहाराच्या भट्टीत लोखंड तापू लागले की ते आधी तांबडे, मग नारिंगी, मग पिवळसर आणि शेवटी पांढरेशुभ्र दिसते. प्रकाशाचा रंग आणि तापमान यांचा हा संबंध धरून प्रकाशाचे रंगतापमान केल्व्हिन या एककात सांगतात. मेणबत्तीचा प्रकाश सुमारे १,९०० केल्व्हिन, जुन्या तारेच्या बल्बचा सुमारे २,८००, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५,५००, ढगाळ आकाशाचा सुमारे ६,५०० आणि निरभ्र दिवशी सावलीतील प्रकाश ७,००० केल्व्हिनच्याही वर असतो. सावलीतील प्रकाश निळसर असतो, कारण तेथे सूर्याचे थेट ऊन पोहोचत नाही. निळ्या आकाशाचाच उजेड पोहोचतो. अंक लहान तितका प्रकाश पिवळा-तांबडा, आणि अंक मोठा तितका निळसर, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

आपला डोळा हे सर्व प्रकाश पांढरे मानून घेतो. कॅमेऱ्याला मात्र कोणता प्रकाश पांढरा समजावयाचा, हे सांगावे लागते. फिल्मच्या काळात हा निर्णय कारखान्यातच झालेला असे. उन्हासाठी बनविलेली रंगीत फिल्म बल्बच्या उजेडात वापरली, तर लग्नातील सर्व वऱ्हाडी नारिंगी दिसत, आणि ते टाळण्यासाठी भिंगावर निळी काच चढवावी लागे. आता हा निर्णय दर छायाचित्रागणिक करता येतो. कॅमेऱ्यातील सूर्य, ढग, सावलीचे घर, बल्ब आणि ट्यूब ही चिन्हे त्यासाठीच असतात. आपण ज्या प्रकाशात उभे आहोत, त्याचे चिन्ह निवडावे.

हा विषय केवळ शोभेचा आहे, असा समज असू शकतो. शेतीत तो तसा नाही. नत्राची कमतरता असेल, तर पिवळेपणा आधी खालच्या, जुन्या पानांवर येतो. लोहाची कमतरता असेल, तर वरची कोवळी पाने शिरांच्या मध्ये पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. असे निदान हिरव्या-पिवळ्यातील बारीक फरकावर उभे असते. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात काढलेल्या छायाचित्रात निरोगी पानही पिवळसर दिसू शकते, आणि निळसर सावलीत खरोखरचा पिवळेपणा झाकला जाऊ शकतो. आपोआप तोल साधणारी यंत्रणा येथे कधी कधी अधिकच घोटाळा करते. साऱ्या चौकटीत हिरवेगार शेत भरले असेल, तर प्रकाशच हिरवा आहे असे समजून ती हिरवा रंग काढून टाकू पाहते. कोकणातील तांबड्या जांभ्या जमिनीच्या बाबतीत तिची गत अशीच होते.

यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. पानाशेजारी, त्याच प्रकाशात, साध्या पांढऱ्या कागदाचा तुकडा धरून छायाचित्र घ्यावे. पाहणाऱ्याला त्या कागदावरून प्रकाशाचा रंग कळतो आणि संगणकावर तोल दुरुस्तही करता येतो. कागद चकचकीत नसावा. नीळ दिलेले धोतर किंवा उपरणे त्यासाठी वापरू नये. ते डोळ्याला शुभ्र वाटते, पण निळीमुळे त्याची शुभ्रता निळसर असते.

प्रकाश मिश्र असेल, तेथे मात्र कोणतेही चिन्ह पुरे पडत नाही. एका बाजूने खिडकीतील उजेड आणि दुसऱ्या बाजूने पिवळा बल्ब असेल, तर एकाच माणसाचा एक गाल निळसर आणि दुसरा नारिंगी येतो. तेथे दोहोंपैकी एक उजेड बंद करावा. रंगीत कापडाच्या मांडवाखाली किंवा निळ्या ताडपत्रीच्या निवाऱ्यात चेहऱ्यांवर त्या कापडाचाच रंग उतरतो. शक्य असल्यास माणसांना कडेला, मोकळ्या उजेडात आणून छायाचित्र घ्यावे.

मागाहून काय दुरुस्त होते ?

नंतर संगणकावर पाहू, असे म्हणून पुष्कळदा वेळ मारून नेली जाते. या तिन्ही बाबींत दुरुस्तीची शक्यता सारखी नाही, हे म्हणून सांगणे आवश्यक आहे. रंगाचा तोल बराचसा सुधारता येतो. कच्च्या स्वरूपात, म्हणजे रॉ प्रकारात साठविलेल्या छायाचित्रात तर तो जवळजवळ पूर्णपणे बदलता येतो. उजेड काही प्रमाणात सुधारतो. अंधारलेल्या भागातून थोडा तपशील वर आणता येतो, पण जो भाग पूर्ण पांढरा झाला, तेथे काही उरलेलेच नसते. चुकलेला फोकस मात्र खऱ्या अर्थाने परत मिळत नाही. म्हणून स्थळ सोडण्यापूर्वी छायाचित्र मोठे करून पाहण्याची सवय लावावी.

नोंदीसाठी घेतलेल्या छायाचित्राच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. मूळ छायाचित्र जसेच्या तसे जपून ठेवावे आणि दुरुस्ती नेहमी प्रतीवर करावी. संदेशसेवेतून पाठविलेल्या प्रतीचा आकार लहान होतो आणि छायाचित्रात दडलेली वेळ व स्थळ यांची माहिती बहुधा गळून पडते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून मांडताना विहित प्रमाणपत्र द्यावे लागते. अशा वेळी मूळ प्रत हाताशी असणे किती मोलाचे ठरेल, हे सांगावयास नको. सारे चित्र थोडे उजळ करणे वेगळे आणि चित्रातील वस्तू पुसणे किंवा नवी घालणे वेगळे. पहिली दुरुस्ती आहे, तर दुसरी लबाडी.

शाळेत करण्याजोगे तीन प्रयोग

वरील गोष्टी वाचून जितक्या कळतात, त्याहून त्या एकदा करून पाहिल्याने अधिक पक्क्या होतात. शिक्षकांना एका तासात विद्यार्थ्यांकडून पुढील तीन प्रयोग करवून घेता येतील. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनाही ते उपयोगी पडतील.

पहिला प्रयोग उजेडाचा. पांढरे कापड, काळी पाटी आणि भाजलेली वीट या वस्तू एकाच सावलीत ठेवाव्यात. प्रत्येकीने सारी चौकट भरेल इतके जवळ जाऊन, कोणतीही दुरुस्ती न करता, तीन छायाचित्रे घ्यावीत. कापड आणि पाटी दोन्ही करड्याकडे झुकलेली दिसतील. मग कापडाला एक पायरी अधिक आणि पाटीला एक पायरी उणे देऊन पुन्हा घ्यावीत आणि फरक पाहावा.

दुसरा प्रयोग फोकसचा. पाच पुस्तके एकामागे एक, हातभर अंतराने, थोडी तिरपी उभी करावीत. कॅमेरा पहिल्या पुस्तकाजवळ ठेवून प्रथम त्याच्यावर, मग तिसऱ्यावर आणि मग पाचव्यावर बोट टेकवून छायाचित्रे घ्यावीत. कोणत्या पुस्तकाचे नाव वाचता येते, ते वहीत लिहावे.

तिसरा प्रयोग रंगाचा. पांढरा कागद आधी उन्हात, मग झाडाच्या सावलीत आणि मग बल्बखाली ठेवून, तिन्ही वेळा सूर्याचेच चिन्ह निवडून छायाचित्रे घ्यावीत. एकच कागद पांढरा, निळसर आणि नारिंगी असा तीन प्रकारे दिसेल. डोळा आपल्याला किती सहज समजावतो, हे विद्यार्थ्यांना यातून जितके पटते, तितके व्याख्यानाने पटणार नाही.

कामावरचा क्रम

प्रत्यक्ष कामावर एक ठराविक क्रम अंगवळणी पडल्यास वेळही वाचतो. प्रथम भिंग पुसावे. मग सूर्य कोठे आहे ते पाहून उभे राहण्याची जागा ठरवावी. या छायाचित्रातून नेमके काय सिद्ध व्हावयाचे आहे, ते मनाशी पक्के करावे आणि त्या वस्तूवर बोट टेकवावे. उजेड कमी-जास्त करून तिचा तपशील दिसतो ना, ते पाहावे. रंगाला महत्त्व असेल, तर पांढरा कागद शेजारी ठेवावा. हात स्थिर करून एक छायाचित्र साऱ्या परिसराचे, एक कामाचे आणि एक तपशिलाचे, अशी किमान तीन छायाचित्रे घ्यावीत. शेवटी ती मोठी करून तपासावीत आणि मगच तेथून निघावे. काम सुरू होण्यापूर्वीचे आणि पूर्ण झाल्यानंतरचे छायाचित्र एकाच जागेवरून आणि शक्य तो दिवसाच्या एकाच वेळी घेतले, तर दोहोंची तुलना खरी ठरते. त्यासाठी उभे राहण्याच्या जागी एखादा दगड पुरून ठेवण्यास हरकत नाही.

मोबाइल संच दर वर्षी अधिक हुशार होत आहेत आणि त्यांचे अंदाजही अधिक वेळा बरोबर येत आहेत. परंतु तळ्याच्या काठी उभ्या असलेल्या वीस माणसांत चेहरा महत्त्वाचा की पाण्याची पातळी महत्त्वाची, हे यंत्राला कळत नाही. ते तेथे हजर असलेल्या माणसालाच ठाऊक असते. त्याने क्षणभर थांबून तो निर्णय केला, तर तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कचेरीत बसून, गावात कधीही पाऊल न ठेवता ते छायाचित्र पाहणाऱ्याला, काम जसे आहे तसे दिसेल. मजुराला त्याच्या दिवसाची मजुरी आणि शेतकऱ्याला त्याच्या नुकसानीचा न्याय मिळण्यास तेवढी मदत होईल.